वजन घटविणे आणि आहारातील प्रथिने

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षे, कांदा व टोमॅटो या नगदी पिकांनी शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला. त्याच काळात शेतीतील अंगमेहनत मात्र पुष्कळ कमी झाली. मोटेची जागा विद्युतपंपाने, बैलांची ट्रॅक्टरने आणि दारे धरण्याची ठिबक सिंचनाने घेतली. ताटातील भाकरी, भात, तेल व चहातील साखर कमी झाली नाही. श्रमास न लागलेले अन्न शरीरात चरबीच्या रूपाने साठते आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना आमंत्रण देते. म्हणून स्थूलता हा केवळ शहरातील रोग होय, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी.

दिसावयास बारीक असलेल्या माणसासही हा धोका असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी भरली. पण त्यांच्या अंगी स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक आढळली. यास्तव केवळ वजनकाट्यावर विसंबू नये, कंबरही मोजावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास सावध व्हावे.

प्रथिने ही शरीराची बांधणी करणारी द्रव्ये होत. वजन घटविताना त्यांचे दोन उपयोग होतात. एक, प्रथिनयुक्त जेवणाने पोट अधिक वेळ भरल्यासारखे वाटते. दुसरा, अन्न कमी केल्यावर चरबीबरोबर स्नायूही झिजतात; पुरेशी प्रथिने व अंगमेहनत यांमुळे ही झीज कमी होते. तथापि एकूण अन्न न घटविता केवळ प्रथिने वाढविल्यास वजन उतरत नाही.

निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. ती घरच्या अन्नातून अशी मिळतात :

ज्वारी किंवा बाजरी, २५० ग्रॅम – सुमारे २६ ग्रॅम
तूर किंवा मुगाची डाळ, ५० ग्रॅम – सुमारे ११ ग्रॅम
मटकी किंवा हरभरा, ३० ग्रॅम – सुमारे ६ ग्रॅम
दूध, पाव लिटर – सुमारे ८ ग्रॅम

यांची बेरीज ५१ ग्रॅम होते. धान्यात जे प्रथिनांश उणे असतात ते डाळीत असतात व डाळीतील उणीव धान्य भरून काढते. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाणे हितकर होय. ज्यांस चालते त्यांनी अंडे घ्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. डब्यातील महागड्या प्रथिन-भुकटीची सामान्य माणसास आवश्यकता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात अशी भुकटी टाळण्याचा सल्ला दिला आहे.

वजन उतरवू इच्छिणाऱ्याने प्रथम तेल, साखर, फरसाण व मिठाई कमी करावी. नंतर एखादी भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर मोडाची उसळ व भाजी घ्यावी, आणि रोज अर्धा तास तरी भरभर चालावे. शेंगदाणे प्रथिनयुक्त असले तरी त्यांत तेल पुष्कळ असते. ते मूठभरच खावेत.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवण घटविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. गरोदर स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांचे अन्न वजनासाठी तोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या बैठकीस मोजपट्टी सोबत न्यावी व ज्यांची कंबर मर्यादेबाहेर भरेल त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घेण्यास सांगावे. शेतकरी बंधूंनी येत्या रब्बीत कांद्याच्या क्षेत्रातील चार-पाच गुंठे हरभऱ्यासाठी राखून ठेवावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे दिग्विजय व विशाल हे वाण त्यास योग्य आहेत. घरची डाळ घरातच राहील आणि पुढच्या पिकासाठी जमिनीचा कसही वाढेल.