पानिपतची चौथी लढाई

पानिपत म्हटले की मराठी माणसाला 14 जानेवारी 1761 आठवते. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाच्या नावावर तीन लढाया आहेत : 1526, 1556 आणि 1761. चौथीची नोंद सहसा कुणी करीत नाही. 1989 मध्ये कर्नालमधून पानिपत हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि त्यानंतर लवकरच, 1990 च्या दशकाच्या आरंभी, तेथे संपूर्ण साक्षरता मोहीम सुरू झाली. तिचे नाव होते 'पानीपत की चौथी लड़ाई'. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 मध्ये स्थापन झाले होते, 1990 च्या फेब्रुवारीत केरळमधील एर्नाकुलम हा संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, आणि भारत ज्ञान विज्ञान समितीचे कार्यकर्ते पथनाट्ये व गाणी घेऊन राज्याराज्यांत फिरत होते. स्त्रियांनी घराबाहेर वर्गाला जाणे हीच जेथे मोठी गोष्ट होती, त्या हरियाणात या मोहिमेने लढाईचे नाव घेतले, यात अतिशयोक्ती कमीच होती.

ती लढाई जिंकली की हरली, हे आकड्यांवरून सांगता येते. 2011 च्या जनगणनेनुसार पानिपत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 76 टक्के होती, स्त्रियांची सुमारे 67. म्हणजे अर्धीमुर्धी जिंकली. पण त्या काळातील मोहिमांचे मोल केवळ अक्षरांच्या हिशेबात मोजणे अपुरे ठरते. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गातील एका धड्यात गावातील दारूची गोष्ट होती. ती वाचताना बायकांनी नवऱ्याची मजुरी, गुत्ता, गुत्त्याचा लिलाव आणि सरकारचा अबकारी महसूल हे सारे एका दोरीत ओवले, आणि 1992 मध्ये दुबगुंटा या गावातून दारूविरोधी आंदोलन उभे राहिले. 1 ऑक्टोबर 1993 पासून राज्यात देशी दारूवर बंदी आली आणि 1995 मध्ये संपूर्ण दारूबंदी. 1997 मध्ये ती शिथिल झाली, कारण दोरीचे शेवटचे टोक, म्हणजे महसूल, सरकारला सोडवेना. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. बाजार, दवाखाना आणि वर्ग यांच्यातील अंतर हेच अनेकींच्या निरक्षरतेचे एक कारण होते, हे तेथील संयोजकांना उमगले होते.

हल्ली जगभर अशा शिक्षणाला मोठी नावे आहेत : सिस्टिम्स थिंकिंग, शाश्वततेचे शिक्षण, परिवर्तनाची रचना. मराठीत आपण प्रणालीविचार म्हणू. एका गोष्टीला हात लावला की दुसरी कोठे हलते, किती उशिराने हलते आणि फिरून आपल्याच अंगावर कशी येते, हे पाहण्याची सवय, असा त्याचा साधा अर्थ. ही सवय प्रौढांना लावण्याची निकड कोठे आहे, हे दाखवायला आजच्या पानिपतइतका बोलका जिल्हा शोधून सापडणार नाही.

आधी भात पाहा. हरियाणात भूजलाचा उपसा वार्षिक पुनर्भरणाच्या 130 टक्क्यांहून अधिक आहे. शेतीपंपाची वीज युनिटला दहा पैसे. भाताला हमीभावाने हमखास सरकारी गिऱ्हाईक. अशा स्थितीत शेतकरी दुसरे काय लावणार? पाणी खाली गेले तेव्हा राज्याने 2009 मध्ये भूजल संवर्धनाचा कायदा केला. भाताची लावणी 15 जूनपूर्वी करायची नाही, म्हणजे कडक उन्हातले बाष्पीभवन टळेल. विचार योग्य होता. पण लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. भात काढणे आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये उरणारे दिवस आणखी कमी झाले. कंबाइनने कापल्यावर शेतात राहिलेली धसकटे आणि पेंढा काढायला वेळ नाही, मजूर परवडत नाहीत. मग काडी लावणे आले. तीही अशा दिवसांत, जेव्हा वारा पडलेला असतो आणि थंड हवा धूर जमिनीलगत दाबून धरते. 2019 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकातील एका अभ्यासाने हाच दुवा दाखवला : पाणी वाचवण्याच्या कायद्याने आगी नोव्हेंबरच्या तोंडावर एकवटल्या आणि प्रदूषणाचा कळस उंचावला. तेथून नव्वदेक किलोमीटरवर दिल्ली आहे.

मग उपाय सुरू झाले. 2020 मध्ये हरियाणा सरकारने 'मेरा पानी मेरी विरासत' ही योजना आणली. भात सोडून दुसरे पीक घेणाऱ्याला एकरी 7,000 रुपये. 10 ऑगस्ट 2022 रोजी पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. खर्च नऊशे कोटींहून अधिक. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल बनवणे, हे उद्दिष्ट. पेंढ्याला किंमत येणे वाईट नव्हे. पण एक खाते भात सोडण्याचे पैसे देते, दुसरे भात विकत घेते, तिसरे तो पिकवायला जवळजवळ फुकट वीज पुरवते, चौथे लावणीची तारीख ठरवते आणि पाचवे त्याच्या पेंढ्यावर कारखाना उभारते. यांतील प्रत्येक निर्णय आपापल्या फायलीत शहाणपणाचा आहे. ते सगळे एकत्र भेटतात ते फक्त शेतकऱ्याच्या बांधावर, आणि दंडाची नोटीसही त्यालाच येते.

शहरात दुसरी गाठ आहे. पानिपत ही जगाच्या टाकलेल्या कपड्यांची राजधानी. युरोप-अमेरिकेतील जुने स्वेटर, कोट येथे गठ्ठ्यांनी येतात. बाया बसून बटणे, झिपा काढतात आणि कापड रंगांनुसार निवडतात. त्याच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढले जाते. या 'शॉडी' सुताला रंगाची फारशी गरज नसते, कारण रंग निवडीतूनच मिळालेला असतो. भूकंप, पूर, युद्ध अशा संकटांत वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे वर्षानुवर्षे येथून गेली. चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द परिषदांत पोहोचण्याच्या फार आधी ती पानिपतमध्ये चालू होती. अर्थात तिची दुसरी बाजूही आहे : कारखान्यांतील तंतूंची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाते, आणि रंगाई व ब्लीचिंगचे सांडपाणी नाल्यांना मिळते. पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी शॉडीची बाजारपेठ खाल्ली, तेव्हा पुनर्वापराचा हा धंदाही आक्रसला. नाल्यांतून यमुनेत जाणाऱ्या सांडपाण्याची गोष्ट दिल्लीकरांना दर हिवाळ्यात कळते. वजिराबादला नदीतील अमोनियाचे प्रमाण सुमारे एक पीपीएमच्या वर गेले की जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटते, राजधानीतील नळ कोरडे पडतात आणि दोन सरकारांचे भांडण सुरू होते. पानिपतच्या औद्योगिक नाल्यांचे नाव त्यात हमखास येते.

हे सारे जाणणारे लोक जिल्ह्यात आहेत. बोअर दरवर्षी किती फूट खोल न्यावे लागले, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. बोटांनी चाचपून लोकर आणि ॲक्रिलिक वेगळे करणाऱ्या बाईचे ज्ञान कोणत्याही वस्त्रोद्योग पदविकेत शिकवले जात नाही. उणीव आहे ती या तुकड्यांना एकत्र मांडण्याच्या जागेची. शेतकरी, रंगारी, चिंध्या निवडणारी बाई आणि कनिष्ठ अभियंता एका जमिनीवर बसून एकच नकाशा काढतील, अशी शाळा कोठे आहे?

बाहेरच्या जगात असे प्रयोग झाले. 1972 च्या 'द लिमिट्स टु ग्रोथ' या अहवालाच्या प्रमुख लेखिका डोनेला मेडोज यांनी पुढे हेच शिकवण्यात आयुष्य घालवले. अनुदान आणि दंड यांचे आकडे बदलणे हा प्रणाली बदलण्याचा सर्वांत दुबळा मार्ग. माहिती कोणाला मिळते, नियम कोण करतो आणि उद्दिष्ट काय आहे, हे बदलणे जास्त परिणामकारक, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडमधील डार्टिंग्टन येथे 1991 मध्ये शूमाकर कॉलेज सुरू झाले. पर्यावरण, अर्थकारण आणि हाताचे काम एकत्र शिकवणारे, प्रौढांसाठीचे. त्याचे मूळ थोडे आपल्याकडेही आहे. डार्टिंग्टनचा प्रयोग 1925 मध्ये उभा करणारे लेनर्ड एल्महर्स्ट त्याआधी, 1922 मध्ये, रवींद्रनाथांसोबत श्रीनिकेतनच्या ग्रामपुनर्रचनेत होते. शूमाकर कॉलेजातील पदवी अभ्यासक्रम 2024 मध्ये पैशांअभावी बंद झाले. मला त्याची हळहळ वाटते. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे : असे शिक्षण जेथे जेथे आहे, तेथे ते बहुधा सुशिक्षित, सवडवान वर्गाच्या वाट्याला आले. भारतातही शाश्वततेचे अभ्यासक्रम महानगरांत इंग्रजीत चालतात. धुरात आणि दूषित पाण्यात राहणाऱ्यांची भाषा वेगळी आहे.

महाराष्ट्राजवळ याबाबतीत सांगण्यासारखे बरेच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी गायराने जंगलखात्याकडे जाणे, जनावरे घटणे, शेणखत कमी होणे, जमिनीचा कस उतरणे आणि कर्ज वाढणे यांचा संबंध लावला, आणि डोंगरउतारावर ताली बांधण्याचा उपायही सुचवला. प्रणालीविचार म्हणतात तो याहून काय निराळा असतो? अलीकडचे उदाहरण हिवरे बाजारचे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पीक ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. दरवर्षीची ती ग्रामसभा म्हणजे प्रौढांचा वर्गच. 2016 मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने गावोगावच्या स्त्री-पुरुषांना पाणलोटाचे शास्त्र शिकवले, आणि चौथी शिकलेली माणसेही समतल चराची आखणी करू लागली. त्या स्पर्धेत साठवणीला जितके महत्त्व होते तितके वापराला नव्हते, हा आक्षेप मला योग्य वाटतो; साठलेले पाणी उसाला गेले तर पुढल्या दुष्काळाची तयारीच होते. पीकपद्धतीचा विषय नंतर आला, पण आला.

आता केंद्र सरकारकडे पाहू. 'उल्लास' या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे, तरतूद 1,037.90 कोटी, लक्ष्य पाच कोटी प्रौढ. कागदावर त्याचे पाच घटक आहेत. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हा त्यांतला एक. जीवनावश्यक कौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे इतर चार. प्रत्यक्षात मोजला जातो तो पहिलाच. वाचन, लेखन, गणित प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची परीक्षा, आणि 95 टक्के साक्षरता गाठली की राज्य पूर्ण साक्षर. गोव्याने 2025 च्या मे महिन्यात ती घोषणा केली. शिकवणारे सारे स्वयंसेवक. जे मोजले जाते तेच होते, हा सरकारी कामकाजाचा जुना नियम आहे.

याच काळात दुसऱ्या मंत्रालयाची अटल भूजल योजना चालू झाली. 2019 च्या डिसेंबरात आरंभ, 6,000 कोटी रुपये, सात राज्ये. त्यांत हरियाणा आणि महाराष्ट्र दोन्ही. तिच्यात ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा तयार करणे अपेक्षित आहे. म्हणजे एका खात्याकडे प्रौढांचा वर्ग आहे पण धडा नाही. दुसऱ्याकडे उत्तम धडा आहे पण वर्ग नाही, म्हणून अनेकदा सल्लागार संस्था तक्ते भरून देतात आणि ग्रामसभा अंगठा-सही करते. हे दोन कार्यक्रम एका गावात एकत्र आणायला नवा कायदा लागत नाही. बेरीज-वजाबाकी शिकताना गावाचे पाणी हेच उदाहरण घेता येते. वाचनाचा उतारा 15 जूनच्या नियमाचा आणि नोव्हेंबरच्या धुराचा असू शकतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. भूजल खाली जाते हे पानिपतच्या शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. तरी तो भात लावतो, कारण हमखास विकला जाणारा दुसरा माल त्याच्याकडे नाही. मग शिकवून काय होणार? एकट्याला शिकवून फारसे काही होणार नाही, हे खरेच. शेजारी बोअर खोल नेत असताना आपण थांबणे म्हणजे आपले पाणी त्याला देणे. मात्र बोअरची खोली, पिकांचा पाळीक्रम, नाल्यात काय सोडायचे हे निर्णय सामूहिक आहेत, आणि सामूहिक निर्णयाला सर्वांसमोर एकच चित्र असावे लागते. शिवाय ज्यांना ते चित्र दिसेल, ते दहा पैशांच्या विजेबद्दल आणि डाळी-मक्याच्या खरेदीबद्दल प्रश्न विचारतील. नेल्लोरच्या बायकांनी विचारले तसेच. सरकारांना अक्षरओळख जितकी प्रिय असते तितके हे प्रश्न नसतात, आणि चार घटक कागदावर राहण्याचे एक कारण मला हेच दिसते.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांची. वीज, कृषी, पाणी, प्रदूषण नियंत्रण या खात्यांचे जिल्हास्तरीय अधिकारीही प्रौढच असतात. वर्षातून एकदा त्यांनी गावाच्या ताळेबंदाच्या बैठकीत मांडी घालून बसावे, आपल्या खात्याच्या निर्णयाचा बाण नकाशावर दुसऱ्याच्या अंगणात कोठे जातो ते पाहावे. त्यासाठी वेगळी प्रबोधिनी उभारावी लागणार नाही.

'उल्लास'ची मुदत 2027 च्या मार्चमध्ये संपते आणि पुढच्या टप्प्याचा आराखडा त्याआधी ठरावा लागेल. त्यात जीवनकौशल्यांचा भाग जिल्ह्यांनी स्वतः लिहावा, त्यालाही गुण असावेत आणि वर्गाचे वेळापत्रक शेतीच्या पंचांगाला धरून असावे, एवढी दुरुस्ती शक्य आहे. साक्षरतेच्या परीक्षा साधारणपणे मार्च आणि सप्टेंबरमध्ये होतात. पानिपतमध्ये कंबाइन शेतात उतरते ते ऑक्टोबरात.