जून झालेल्या गोड मक्याचा उपयोग

परसांतील गोड मक्याची तोडणी चार दिवस लांबली कीं कणसें जून होतात. दाण्यास नख लावावें. पातळ दुधाऐवजीं घट्ट पिठूळ चीक आला, तर साखरेचें पिष्ट होऊं लागलें असें समजावें. असें कणीस कितीही उकडलें तरी टरफल चिवटच राहतें. आयुष्यभर सरकारी दप्तर वेळेवर लावणाऱ्या मजकडून गेल्या पावसाळ्यांत हीच हयगय झाली, व तीस कणसें गुरांपुढें जाणार होतीं.

परंतु तीं किसणीवर किसलीं असतां गर खालीं पडतो व टरफल बहुतांशीं कणसासच चिकटून राहतें. मोहरी-हिंगाच्या फोडणीवर हा गर मंद आंचेवर परतून दूध घालीत शिजवावा. इंदुरास भुट्ट्याचा कीस करतात तो हाच. जून गरास दूध अंमळ अधिक लागतें. उरलेल्या गरांत बेसन, मिरची व कोथिंबीर घालून वडे करावे.

पार कठीण झालेले दाणे खडखडीत वाळवून भाजणींत दळावे. ते वाळतांना सुरकुततात, त्याची भीति नको. संकरित वाणाचे दाणे मात्र बियाण्यास ठेवूं नयेत; मूळ गुण पुढें टिकत नाहींत. बुरशी धरलेलें कणीस गुरांसही घालूं नये. कांहीं बुरशींचें विष दुधांत उतरतें.