उल्कापात : पडद्यावरचा आणि लोणारचा

आकाशातून प्रलय यावा आणि चार धाडसी माणसांनी तो ऐनवेळी परतवावा, अशा कथांचे चित्रपट पाश्चात्त्य देशांत पुष्कळ निघतात. १९९८ साली आलेला 'आर्मागेडन' हा त्यांतला फार गाजलेला. टेक्सास प्रांताएवढा एक लघुग्रह पृथ्वीवर येतो आहे, हाती अवघे अठरा दिवस आहेत, आणि तेलविहिरी खोदणारे कामगार त्यावर उतरून, भोक पाडून, अणुबॉम्बने त्याची दोन शकले करतात. करमणूक म्हणून आमची तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही. शेवटी बाप लेकीचा निरोप घेतो तेव्हा आमचेही डोळे ओलावले. पण शास्त्र म्हणून तिच्याकडे पाहू लागलो की जागोजागी अडखळायला होते.

जालनेकरांना तर हा विषय मुळीच परका नाही. मंठ्याच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार येते. लवणासुराची कथा ऐकत ज्या सरोवराला आपण प्रदक्षिणा घालतो, ते पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंदीचे विवर उल्केनेच खोदलेले आहे. ते ज्वालामुखीचे की उल्केचे हा वाद पुष्कळ काळ चालला. तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्या खडकांत, प्रचंड आघाताखाली स्फटिकपण गमावून काचेसारखे झालेले खनिज सापडले. ज्वालामुखीच्या अंगी असा दाब नसतो. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते पन्नास हजार वर्षांच्या घरात येते, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे जाते. एवढा खड्डा पाडणारा पाषाण साधारण साठ मीटरांचा असावा, असा अंदाज आहे.

आता पडद्यावरचा लघुग्रह घ्या. टेक्सासची लांबी हजार किलोमीटरांहून अधिक. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल सेरेस सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा आहे, आणि तो १८०१ सालीच साध्या दुर्बिणीतून सापडला. तेव्हा इतके मोठे धूड अठरा दिवस आधीपर्यंत कोणाच्या नजरेस पडू नये, हे संभवतच नाही. नजरेतून निसटतात ते लोणारच्या मापाचे धोंडे.

आणि अठरा दिवस ही मुदत तरी कितीशी? अणुबॉम्ब बाजूला ठेवा. लघुग्रहाला नुसता धक्का देऊन त्याचा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटरांनी, म्हणजे मुंगीच्या चालीइतका, बदलला असे समजा. अठरा दिवसांत तो आपल्या जागेपासून एकतीस किलोमीटर सरकेल; जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची निम्मी वाट. हाच धक्का दहा वर्षे आधी दिला तर साधारण सहा हजार तीनशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीची त्रिज्या! (हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब, प्रत्यक्ष भ्रमणकक्षेत आकडा बहुधा वाढतोच.) असा धक्का देऊनही पाहिला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' हे यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरांच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. तो ज्या मोठ्या जोडीदाराभोवती फिरतो, त्या फेरीचा वेळ अकरा तास पंचावन्न मिनिटांवरून अर्ध्या तासाहून अधिक घटला.

मराठवाड्याला ह्या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. आदल्या रात्री कोणीही काही सांगू शकत नव्हते, आजही शकत नाही. नैसर्गिक आपत्तींत उल्कापात हीच एक अशी, की जिची तारीख कित्येक वर्षे आधी काढता येते, आणि टाळताही येते. चित्रकर्त्यांनी नेमका हाच वेळ कथेतून काढून टाकला.

ही तारीख कशी निघते तेही समजून घेण्यासारखे आहे. २०२४ च्या डिसेंबरात '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सापडला; आकार जवळजवळ लोणारच्या पाषाणाएवढाच. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांपर्यंत चढली, आणि संभाव्य पट्ट्यात आपला देशही होता. मग काही दिवसांतच ती जवळजवळ शून्यावर आली. येथे कोणाचे गणित चुकले नव्हते. अंधाऱ्या शेतात कंदिलाचा विस्तीर्ण उजेड पडावा आणि त्यात एक दगड असावा, तशी ती स्थिती. मोजमापे वाढतात तसा उजेडाचा गोल आकुंचित होतो. दगड आत आहे तोवर त्या गोलातला त्याचा वाटा वाढत जातो, आणि गोलाची कड दगडाच्या अलीकडे आली की वाटा एकदम संपतो. शेकड्यातील तीन ह्या आकड्याने घाबरून जाणारा आणि तो उतरल्यावर शास्त्रज्ञांना हसणारा, दोघांनाही हा कंदील दाखवावा.

अर्थात सगळेच धोंडे आधी दिसत नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरांचा एक पाषाण सूर्याच्या बाजूने आला; तिकडे दुर्बिणी पाहू शकत नाहीत. तो हवेतच फुटला. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी. लख्ख प्रकाश दिसला म्हणून माणसे खिडक्यांशी धावली होती, आणि स्फोटाची लाट मिनिट-दोन मिनिटे मागाहून आली.