कपड्याची जाहिरात : किमतीआधी ओळख



दिवाळीच्या आधी महिनाभर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर साड्या, कुर्ते आणि दुपट्ट्यांच्या फोटोंचा पाऊस पडतो. घरातून कपड्यांचा व्यवसाय करणाऱ्या भगिनी आपल्या धार-देवासच्या समाजात आता बऱ्याच आहेत. मजकूर मात्र सगळ्यांचा एकच : ‘नवीन कलेक्शन आले आहे, किंमत इतकी, लवकर संपर्क करा.’ फोटो पलंगावर पसरलेल्या साडीचा. दहा जणींच्या साड्यांत फरक असतो, जाहिरातींत नसतो. मग गिऱ्हाईक कशावरून निवडणार? किमतीवरूनच. आणि किमतीच्या शर्यतीत सुरतेच्या घाऊक बाजारापुढे घरगुती विक्रीचा टिकाव लागत नाही.

मी शिकलो बी.कॉम., नोकरी केली बँकेत. पण कर्जाच्या अर्जांमुळे कापडाची पुष्कळ दुकाने आतून पाहिली आणि जाहिरातीच्या बाबतीत एक चूकही केली. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

खोडलेला आकडा

देवासच्या शाखेत असताना एका लहान साडी दुकानदाराचा कॅश क्रेडिटचा अर्ज माझ्याकडे आला. मराठी घरातलेच गृहस्थ, वयाने माझ्याहून मोठे. वर्षभराच्या अंदाजपत्रकात त्यांनी जाहिरातीसाठी सहा हजार रुपये धरले होते. ‘अनुत्पादक खर्च’ असा शेरा मारून मी ती ओळ खोडली. ते काही बोलले नाहीत.

काही महिन्यांनी मालतपासणीला गेलो. दाराशी एकच पुतळा, त्याला नीट नेसवलेली साडी आणि शेजारी शाळेची पाटी. पाटीवर खडूने लिहिले होते : ‘महेश्वरी, सुती-रेशमी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा. पहिल्या दोन धुण्यांत रंग थोडा उतरेल, वेगळी धुवावी.’

मी विचारले, “काका, रंग उतरेल हे कशाला लिहिलंत?”

ते म्हणाले, “साहेब, घरी गेल्यावर कळणारच आहे. दुकानात कळलं तर माणूस परत येतो.”

संक्रांतीच्या आठवड्यात त्याच पुतळ्याला काळी साडी आणि हलव्याचे दागिने होते. येणारी-जाणारी माणसे थांबून बघत होती. पुढच्या वर्षी कर्जाच्या नूतनीकरणात जाहिरातीच्या ओळीला मी पेन लावले नाही.

आधीच्या लोकांनी काय केले

कापडाची जाहिरात कल्पकतेने करणे ही काही मोबाइलच्या काळातली गोष्ट नव्हे. इंग्रजी अमलात मँचेस्टरच्या आणि पुढे आपल्याकडच्या गिरण्यांच्या कापडावर रंगीत चित्रांची चिठ्ठी चिकटवलेली असे. देवदेवता, राजेरजवाडे, हत्ती, वाघ असे नाना विषय. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखून मागत असे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. साडीचा डौल कसा असतो, हे त्या चित्रांनी लाखो लोकांच्या मनात ठसवले. अशी चित्रे मग कॅलेंडरांवर आणि मालाच्या वेष्टनांवरही आली.

१९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. रेडिओवर कापड दाखवणार कसे? एस. कुमार्स या कंपनीने ‘फिल्मी मुकदमा’ हा कार्यक्रमच प्रायोजित केला. अमीन सयानी सिनेकलावंतांना लटक्या कोर्टात उभे करून प्रश्न विचारायचे आणि श्रोते कान लावून बसायचे. सूट-शर्टाचे कापड विकणाऱ्या कंपनीचे नाव असे करमणुकीच्या वाटेने घरात शिरले. देवासकरांना तर हे नाव इथल्या कारखान्यामुळेही परिचयाचे आहे.

ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडने पुढे ‘द कम्प्लीट मॅन’ ही जाहिरातमालिका केली. तिच्यात मीटरचा भाव नव्हता. घरच्यांवर माया करणारा, नाती जपणारा पुरुष होता आणि त्याच्या अंगावर तो सूट होता.

या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे. कापड एकटे ठेवलेले नाही. त्याला कुठल्या तरी चित्राची, आवाजाची किंवा माणसाची सोबत आहे. गिऱ्हाईक आधी त्या सोबतीला ओळखते आणि मग कापडाकडे वळते.

आपल्या दाराशी असलेले भांडवल

मोठ्या कंपन्यांना ही सोबत पैसे देऊन उभी करावी लागली. आपल्याला ती आयती मिळाली आहे. धामनोदवरून पुढे गेले की महेश्वर. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तिथे विणकर वसवले. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठांवर आली. वीट, चटई, चमेलीचे फूल, हिरा ही काठांची नावे विणकर आजही घेतात. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या काठाला ‘बुगडी’ म्हणतात. ही साडी विकताना लांबलचक मजकूर कशाला? काठ हातात धरून उलटून दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे. त्याशेजारी किल्ल्याच्या भिंतीवरच्या त्याच नक्षीचा फोटो ठेवा.

दुसरे भांडवल आपल्या धार जिल्ह्यातलेच, बागचे. बाग प्रिंटला भौगोलिक मानांकन आहे, आणि २०११ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात मध्य प्रदेशाचा चित्ररथ याच कलेवर होता. तिथले खत्री कारागीर लाकडी ठशांनी छपाई करतात. लाल रंगाला तुरटी आणि चिंचोक्याची खळ, काळ्याला गंजलेल्या लोखंडाचे पाणी. छापलेले कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन धायटीच्या फुलांबरोबर (इकडे ‘धावडी’ म्हणतात) आणि अलिझरीनबरोबर उकळतात, तेव्हा खरा रंग खुलतो. या कामात कित्येक दिवस जातात.

आणि याच कलेला आज सगळ्यात मोठा त्रास नकलेचा आहे. स्क्रीनवर छापलेले स्वस्त कापडही ‘बाग प्रिंट’ म्हणून विकले जाते. फोटोत दोन्ही सारखी दिसतात, म्हणून फरक जाहिरातीनेच सांगायला हवा. हाताच्या ठशात जोडावर नक्षी किंचित इकडेतिकडे होते आणि रंग कापडाच्या मागेही उतरतो. स्क्रीन छपाईत नक्षी यंत्रासारखी तंतोतंत जुळते आणि मागची बाजू बहुधा फिकी असते. तेव्हा मागच्या बाजूचा फोटोही टाका. ठशाचा तो किंचित चुकलेला जोड झाकू नका. कारागिराच्या हाताची खूण तीच आहे.

करून पाहण्यासारखे

साडी नेसवून फोटो काढा. मॉडेल हवी असे नाही. आई, सासूबाई, नणंद किंवा मुलगी चालेल. एकच दुपट्टा आजी आणि नात या दोघींच्या खांद्यावर दाखवला, तर निम्मे काम होते. फोटो दिवसाच्या उजेडात घ्या, नाहीतर रंग वेगळा दिसतो आणि साडी परत येते.

सण पाहून माल दाखवा. संक्रांतीला काळी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला सुती, लग्नसराईत नऊवार. आपल्या माणसांचे पंचांग आपल्याला जितके ठाऊक आहे, तितके कुठल्याही बाहेरच्या कंपनीला नाही.

मजकुरात तीन गोष्टी असाव्यात : कापड कोणते, कुठे व कसे तयार झाले, आणि धुवायचे कसे. किंमत त्यानंतर.

एक सावधगिरी. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. त्याला नुसते ‘सिल्क’ म्हणू नका. यंत्रमागाच्या कापडाला ‘हातमाग’ म्हणू नका. शुद्ध रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे आणि हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क. ते असतील तर फोटोत जरूर दाखवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याहून मोठी शिक्षा आपल्यासारख्या छोट्या समाजात आहे. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढच्या हळदीकुंकवाला चार जणींना सांगते.

बँकेत आम्ही तारण बघत असू. घरगुती व्यवसायाला बहुतेक वेळा एकच तारण असते, ते म्हणजे शब्द. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक भगिनीने आपल्या मालाशेजारी एक पाटी ठेवावी आणि त्यावर कापडाची खरी ओळख लिहावी, एवढीच विनंती. मजकूर लिहायला मदत लागली तर मी हजर आहे. खोडलेल्या त्या ओळीचे थोडे व्याज तरी फिटेल.