फाइलवरच्या तारखेचा भरवसा किती?

जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ साली उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजता संपत होती. पुढे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. खोतकरांचे अर्ज वेळ टळून गेल्यावर घेतले गेले, असा त्यांचा दावा होता आणि भिस्त होती निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि वाद दिल्लीला पोचला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बजावले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र हवेच. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते, म्हणून त्यांना त्या अटीतून मोकळीक मिळाली आणि खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

न्यायालये इतकी काटेकोर का असतात, हे समजायला फाइलच्या पोटात डोकवावे लागते.

प्रत्येक फाइलबरोबर यंत्र तिची काही माहितीही जपते: आकार, मालक, कोणाला वाचता-लिहिता येईल याची परवानगी आणि वेळेच्या नोंदी. विंडोजमध्ये ‘रीड-ओन्ली’, ‘हिडन’ अशा खुणाही असतात. युनिक्स आणि लिनक्समध्ये वेळेच्या तीन नोंदी ठरलेल्या. एटाइम म्हणजे फाइल शेवटची वाचली ती वेळ, एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा बदलला ती, आणि सीटाइम म्हणजे मजकूर किंवा परवानगीसारखी माहिती शेवटची बदलली ती. सीटाइमला ‘क्रिएशन’ समजण्याची चूक नवखे प्रोग्रॅमर हमखास करतात.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘ओएस डॉट स्टॅट’ ही माहिती वाचून देते. ‘ओएस डॉट यूटाइम’ मात्र एटाइम आणि एमटाइम हवे तसे लिहूही देते. आज तयार केलेल्या फाइलवर दहा वर्षांपूर्वीची तारीख घालायला एक ओळ पुरते. यात लबाडीच असते असे नाही. बॅकअप परत घेताना किंवा झिप उघडताना जुन्या तारखा टिकवायच्या, तर ही सोय लागतेच. सीटाइम मात्र अशा आज्ञेने मागे नेता येत नाही. तारीख बदलली त्या क्षणाची वेळ यंत्र स्वतःच तिथे टाकते. अर्थात यंत्राचे घड्याळच मागे फिरवले, तर सीटाइमही फसतो.

साध्या कॉपीनेही गोंधळ उडतो. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’ची तारीख आजची पडते आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. फाइल जन्मण्याआधीच बदलली गेली, असे चित्र दिसते. तपास करणाऱ्याला ही विसंगती दिसली, तर बनावटीचा शिक्का मारण्याआधी साधी प्रत काढली गेली होती का, हे पाहणे भाग आहे.

वेळ मोजण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. युनिक्सची मोजणी १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून सुरू होते, तेव्हा दिल्लीत पहाटेचे साडेपाच वाजले होते. एखाद्या फाइलवर ‘१ जानेवारी १९७०, ५:३०’ दिसले, तर बहुधा नोंदीच्या जागी शून्य पडलेले असते. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर जुनी फॅट पद्धत असेल, तर ती स्थानिक वेळ लिहिते आणि मॉडिफाइडची नोंद दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी ठेवते. तिथे सेकंदाच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग वेळ खरी कोणाची? भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती नवी दिल्लीच्या पुसा परिसरातली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, अणुघड्याळांच्या आधारे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत, दिल्लीतूनच चालणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळ-सर्व्हरशी जुळवायला सांगितले. त्या सर्व्हरशी सांधलेले दुसरे सर्व्हरही चालतात. यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधनही आले. गुरुग्राममधला सर्व्हर आणि नोएडातला संगणक एकच वेळ सांगू लागले, तरच त्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यांत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, लिहायचे असते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो. फक्त तारीख बदलली तर मात्र तो तसाच राहतो, कारण तारीख मजकुराचा भाग नसते. म्हणून हॅशने मजकूर सिद्ध होतो. वेळेसाठी सर्व्हरच्या नोंदी, ईमेल आणि इतर साक्षीपुरावा लागतोच.

जमिनीचा करार, धमकीचा व्हिडिओ किंवा कार्यालयातली महत्त्वाची फाइल पुढे वादात येईल अशी शंका असेल, तर मूळ फोन किंवा पेनड्राइव्ह बाजूला ठेवावा. फाइल त्यावर पुन्हा सेव्ह करू नये, तिचे नाव बदलू नये. जाणकाराकडून हॅश काढून तो त्या दिवसाच्या तारखेसह लिहून घ्यावा आणि पाहायला, पाठवायला फक्त प्रत वापरावी.