बाळ उताणे, पाळणा मोकळा

अमेरिकेच्या अध्यक्षांनी 16 मे 2022 रोजी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. दहा अंशांहून अधिक उतार असलेली तान्ह्या मुलांची झोपण्याची आसने आणि पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायची गुबगुबीत अस्तरे यांच्या निर्मितीला व विक्रीला त्या कायद्याने त्या देशात मनाई केली. पाठोपाठ जून महिन्यात तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अर्भकाच्या निद्रेविषयीची आपली सूचनावली सुधारून प्रसिद्ध केली. ही परक्या बाजारपेठेची बाब आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. जो सल्ला मायेच्या माणसाकडून येतो, त्याची खातरजमा करून घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि त्याची किंमत किती भयंकर असू शकते याचा दाखला याच विषयाच्या इतिहासात आहे.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक 1946 साली निघाले आणि पाश्चात्त्य मातांच्या दोन पिढ्यांनी ते प्रमाण मानले. 1950 च्या दशकातील सुधारित आवृत्तीत त्यांनी मुलाला पालथे निजवणे श्रेयस्कर ठरवले. उताण्या मुलाला ओकारी आली तर ती घशात अडकेल आणि डोके एका बाजूस चपटे होईल, ही त्यांची कारणे होती. दोन्ही कारणे इतकी समंजस वाटणारी होती, की ती पुराव्यावर पारखून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

ती तसदी ज्यांनी घेतली, त्यांत ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहराच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सुझन बील यांचे नाव मला सर्वांत आदरणीय वाटते. निरोगी मूल निजेत दगावल्याचे वर्तमान कळले, की ही बाई त्या दुःखी घरी शक्य तितक्या लवकर जाऊन पोहोचत. मूल कोणत्या कुशीवर होते, तोंड कोठे वळलेले होते, अंगावर काय होते, गादी कशी होती, याचा तपशील आईबापांकडून टिपून घेत, आणि हे काम त्यांनी वर्षानुवर्षे शेकडो घरी केले. जगाच्या कल्पनेतही नव्हती अशी गोष्ट त्या टिपणांतून हळूहळू स्पष्ट झाली: पालथे निजणेच घातक होते. 1986 च्या सुमारास त्या हे उघडपणे सांगू लागल्या. न्यूझीलंड, नेदरलँड्स व ब्रिटन येथील संशोधनाने त्याला दुजोरा दिला आणि 1991 पासून देशोदेशी ‘मूल उताणे निजवा’ अशी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण 1990 मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे 130 होते, ते 2020 मध्ये 38 वर आले. यासाठी नवे औषध लागले नाही, यंत्र लागले नाही.

याच कथेची दुसरी बाजू मात्र वाचवत नाही. रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली जुने सारे पुरावे एकत्र मांडून दाखवले, की उपलब्ध माहितीचा नीट आढावा घेतला असता, तर हा धोका 1970 मध्येच ओळखता आला असता. त्या विलंबात युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून निदान 50,000 अर्भके दगावली, असा त्यांचा अंदाज आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे अशा मृत्यूनंतर शवचिकित्सा वा जागेची पाहणी क्वचितच होते, सबब आकड्यांवर विसंबण्याची सोय नाही. परंतु अर्भकाचा श्वास मुलूख पाहून चालत नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही सुखवस्तू घरातील पाळण्यात डोकावून पाहावे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, दोन्ही कुशींना छोटे लोड, खाली मऊ गोधड्यांची चळत, पायाशी मावशीने आणलेले लोकरीचे खेळणे, आणि वैशाखातही कानांवरून घट्ट बांधलेली कुंची. यातील प्रत्येक वस्तूमागे प्रेम आहे आणि निजलेल्या मुलाजवळ यातील एकही असता कामा नये. मऊ वस्तूत नाक रुतले, की मूल आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ लागते; डोके झाकल्याने देहाची उष्णता कोंडते; आणि पहिल्या सहा महिन्यांत, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, धडपडून जागे होण्याची त्याची शक्ती अपुरी असते. साडीच्या झोळीत पाठीला बाक येऊन हनुवटी छातीला टेकते व कोवळी श्वासनलिका दबते; झोके देऊन निजवलेले मूल सपाट, कठीण गादीवर काढून ठेवावे.

उताणे मूल गुदमरेल, ही आजीची शंका रास्त आहे. तिचे उत्तर शरीररचनेत आहे. उताण्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत चढत नाही. पालथ्या स्थितीत नेमके उलट होते. डोके चपटे होऊ नये यासाठी मूल जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला पोटावर खेळवावे.

सर्वांत नाजूक प्रश्न आईच्या कुशीचा आहे. अकादमी म्हणते, खोली एक, अंथरूण वेगळे. एका खोलीत सहा माणसे निजणाऱ्या घराला हे सांगणे सोपे नाही, हे मान्य करूनच मी न्यूझीलंडमधील माओरी समाजाचे उदाहरण देतो. एका स्थानिक वनस्पतीच्या पातींची त्यांनी ‘वहाकुरा’ नावाची विणलेली टोपली तयार केली, जी आईच्या अंथरुणातच ठेवता येते. मूल आईजवळ राहते आणि त्याची जागाही स्वतंत्र राहते. आपल्या बुरुडांच्या हातांना हे अशक्य नाही. तंबाखू ओढणाऱ्याने वा मद्य घेतलेल्याने मात्र मुलाशेजारी निजूच नये, आणि मुलाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे तर सर्वांत धोक्याचे.

प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्त्या ठरावीक दिवशी घरी येतात, वजन करतात, नाळ पाहतात, अंगावरील दुधाची चौकशी करतात. आरोग्य खात्याने त्यांच्या तपासणीत मुलाच्या निजण्याच्या जागेचीही नोंद घालावी, आणि त्यांनी ती गोष्ट बाळंतिणीबरोबरच आजीलाही समजावून सांगावी, कारण पाळणा बहुधा आजीच सजवते.