गुन्हा कशाला म्हणावा?



फौजदारी कायदा हा वकिलांचा विषय, आपण बरे नि आपला संसार बरा, असे पुष्कळांना वाटते. पण कारखान्याच्या फाटकावर झडतीत कामगाराच्या डब्यात एखादा पाना सापडला, की हाच विषय त्याच्या घरात शिरतो. तेव्हा त्याची मूळ तत्त्वे आपणांस ठाऊक असलेली बरी.

दिवाणी दाव्यात दोघांचे भांडण असते. फौजदारी खटला बहुधा सरकार चालवते, कारण गुन्हा हा साऱ्या समाजाचा अपराध मानलेला आहे. आणि ज्या दिवशी कृत्य घडले त्या दिवशी कायद्याने जो गुन्हा नव्हता, त्याबद्दल मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने तशी हमी दिली आहे.

आता पाना चोरला की नाही? दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. तो पाना आपलाच समजून कुणी प्रामाणिकपणे उचलला असेल, तर हेतूच नाही. मग चोरी कसली? १८६० च्या दंडसंहितेत हेच होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. हेतू होता हे सरकारने सिद्ध करावयाचे असते, आणि रास्त संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. पोलिसापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग चालतो.

पण मनाच्याही पायऱ्या आहेत : हेतू, जाणीव आणि निष्काळजीपणा. पायरी बदलली की शिक्षा बदलते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. अधिकाऱ्यांवर आरोप होता सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे मृत्यू ओढवेल याची जाणीव असल्याचा. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणावर आणला. २०१० मध्ये आरोपी दोषी ठरले, आणि शिक्षा झाली दोन वर्षांची! त्या कलमाची कमाल मर्यादाच तेवढी होती. त्याच दंडसंहितेत नोकराने धन्याची वस्तू चोरली तर मात्र सात वर्षांपर्यंत कैद होती. नव्या संहितेने निष्काळजीपणाची मर्यादा सामान्यतः पाच वर्षांवर नेली. चोरीची सात कायमच आहेत. हे माप कुणाच्या सोयीचे, ते आपणच ठरवावे.

म्हणून पुरावा नको, सरळ शिक्षा द्या, असे मात्र आपण म्हणू नये. संशयाचा फायदा मालकाला मिळतो तो ज्या नियमाने, त्याच नियमाने पानेवाला कामगारही सुटतो. आपल्या हाती दुसरा उपाय आहे. जाणीव ही डोक्यात असते. ती कोर्टात सिद्ध होते कागदाने. यंत्राचे कुंपण निखळले, झडप गळू लागली, तर मुकादमाला तोंडी सांगून थांबू नका. लेखी कळवा, तारीख घाला, पोच घ्या. मग अपघात झालाच, तर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणणे सोपे राहत नाही. आणि कित्येकदा त्या एका कागदामुळे झडप आधीच दुरुस्त होते.